तुम्ही विचारलंत म्हणून: कृत्रिम पाय असताना कुबड्यांवर फुटबॉल कशासाठी?

पाय गमावलेल्या खेळाडूंच्या फुटबॉलचा प्रसार मी करते हे कळले, की समोरचा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: आता इतके चांगले कृत्रिम पाय मिळतात, मग हे खेळाडू ते उतरवून कुबड्यांवर कशासाठी खेळतात? या प्रश्नामागे आस्थाच असते. म्हणून ‘नियमच तसा आहे’ एवढे सांगून मी थांबत नाही. हा नियम का आहे हे कळले, तर हा खेळ कसा वाढू शकतो तेही कळते.

या खेळात, म्हणजे ॲम्प्युटी फुटबॉलमध्ये, एका संघात सात जण असतात. मैदानात धावणाऱ्या सहा जणांचा एक पाय कापलेला किंवा जन्मतः अपुरा असतो, तर गोलरक्षकाच्या एका हाताच्या बाबतीत तसे असते. कृत्रिम पाय लावून खेळण्यास मनाई असण्याचे पहिले कारण बरोबरीचे आहे. एकाकडे आधुनिक गुडघ्याचा महागडा पाय आणि दुसऱ्याकडे जेमतेम चालता येईल असा पाय असेल, तर सामना खेळाडूंमध्ये न होता साधनांमध्ये होईल. दुसरे कारण शरीराचे आहे. धावताना एकदम वळावे लागले की सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, बसवलेल्या कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाची कातडी सोलवटते, शिवाय धडक झाली तर तो कठीण पाय प्रतिस्पर्ध्यालाही लागतो. आणि ज्याचा पाय गुडघ्याच्या वर कापलेला आहे, त्याला सरावाने कुबड्यांवर जो वेग गाठता येतो, तो साध्या कृत्रिम पायावर सहसा गाठता येत नाही. हे मात्र पाहिल्याशिवाय कुणाला पटत नाही.

या खेळाची सुरुवातही कुबड्यांपासूनच झाली. अमेरिकेतील सिॲटल शहराजवळ राहणारे डॉन बेनेट यांचा पाय एका अपघातात गेला होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घरासमोर त्यांच्याकडे घरंगळत आलेला चेंडू त्यांनी कुबड्यांवर तोल सावरत उरलेल्या पायाने मारला, आणि असा खेळ होऊ शकतो हे त्यांच्या ध्यानात आले. वेगळे काही आणावे लागले नाही, जे हातात होते त्यावरच खेळ उभा राहिला. प्रसाराचे काम करणाऱ्या माणसाला या गोष्टीचे मोल फार वाटते, कारण पाय गमावलेल्या बहुतेकांकडे कुबड्या आधीपासून असतात आणि चेंडू कुठेही मिळतो.

आता फटका कसा मारतात ते सांगते, कारण खेळाचे सारे मर्म त्या क्षणात आहे. खेळाडू धावत येतो, दोन्ही कुबड्या चेंडूच्या थोड्या पुढे रोवतो, सगळे वजन तळहातांवर आणि मनगटांवर घेतो. ज्या पायावर तो आतापर्यंत धावत होता तोच पाय आता जमिनीवरून उचलून त्याला चेंडूवर मारायचा असतो, आणि फटका बसताच त्याच पायावर पुन्हा उतरायचे असते. नवख्या मुलाच्या कुबड्या फार मागे राहतात आणि तो पाठीवर पडतो. पहिले काही आठवडे तळहातांना फोड येतात, खांदे ठणकतात, कुबडीच्या टोकाचे रबर झिजून तिरके होते. ते वेळीच बदलले नाही तर ओल्या गवतावर कुबडी सटकते, म्हणून सरावाआधी सगळ्यांची रबरे मी स्वतः तपासते. कुबडी मुद्दाम चेंडूला लावली तर हाताने चेंडू खेळल्यासारखाच तो नियमभंग ठरतो, आणि कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागानेही चेंडू मुद्दाम खेळता येत नाही.

यातून डावपेचही वेगळे निघतात. फक्त डावा पाय असलेल्या खेळाडूचा चेंडू कोणत्या बाजूला सहज जाईल हे प्रतिस्पर्ध्याला माहीत असते, त्यामुळे पावलाच्या बाहेरच्या कडेने चेंडू वळवणे त्याला शिकावेच लागते. कोण कोणत्या बाजूने खेळणार हे ठरवताना प्रशिक्षकाला याचा बारकाईने विचार करावा लागतो. गोलरक्षकाला पेनल्टी क्षेत्राबाहेर येता येत नाही आणि ऑफसाइड नसते, म्हणजे आक्रमक खेळाडू बचावफळीच्या मागेही थांबू शकतो. साहजिकच बचावफळीच्या मागची मोकळी जागा बचावपटूंनाच राखावी लागते. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव असे खेळून झाले की खांद्यांत काही उरत नाही.

मी एवढे तपशील सांगते, कारण या खेळाकडे खेळ म्हणून पाहिले जावे ही माझी धडपड आहे. कुणाच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून भरवलेले प्रदर्शनीय सामने मला मनापासून नकोसे वाटतात. त्यात टाळ्या मिळतात, हारतुरे होतात, आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलांना सरावाला मैदान मिळत नाही. याउलट तुर्कस्तान, पोलंड आणि इंग्लंडमध्ये नियमित लीग चालते. तिथे खेळाडूला पुढचा सामना कधी आहे ते माहीत असते, म्हणून तो सराव चुकवत नाही. २०१७ मध्ये इस्तंबूलला झालेल्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तुर्कस्तानने इंग्लंडला २-१ असे हरवले, तेव्हा स्टेडियममध्ये चाळीस हजारांवर प्रेक्षक होते. पोलंडच्या मार्चिन ओलेक्सी यांनी शरीर हवेत झोकून मारलेल्या गोलला २०२२ सालचा फिफाचा पुश्काश पुरस्कार मिळाला. अंतिम तिघांत त्यांच्याबरोबर दिमित्री पाये आणि रिशार्लिसन हे नामांकित व्यावसायिक फुटबॉलपटू होते. तो गोल सर्वांत सुंदर गोल म्हणूनच निवडला गेला, याचा आनंद मला आजही होतो.

लीग श्रीमंत देशांतच चालू शकते, असे कुणी म्हणाले तर मी सिएरा लिओन आणि अंगोलाकडे बोट दाखवते. यादवी युद्धांनी तिथे असंख्य लोकांचे हातपाय हिरावून घेतले, तरी सिएरा लिओनमध्ये २००१ पासून एक पाय गमावलेल्यांची क्रीडासंघटना काम करत आहे, आणि अंगोलाने २०१८ मध्ये मेक्सिकोत विश्वचषक जिंकला. महिलांचा पहिला विश्वचषक २०२४ मध्ये कोलंबियात झाला. अडचण अशी की हा खेळ अजून पॅरालिंपिकमध्ये नाही, आणि अनेक ठिकाणी क्रीडा अनुदान पॅरालिंपिकमधील खेळांपुरतेच असते.

म्हणून ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याकडेच मी काही मागते. तुमच्या क्लबचे मैदान आठवड्यातून एक संध्याकाळ, दर आठवड्याला त्याच वेळी, आम्हाला द्या. तुम्ही रुग्णालयात काम करत असाल, तर पाय कापलेल्या माणसाला कुबड्या वापरायला शिकवताना या खेळाबद्दल सांगा, आणि त्याची इच्छा असेल तर आमच्या एखाद्या खेळाडूशी गाठ घालून द्या. ‘मी पडलो तर काय?’ या त्याच्या प्रश्नाला, पडून पुन्हा उठलेला माणूस माझ्यापेक्षा चांगले उत्तर देतो. तुम्ही प्रशिक्षक असाल, तर या आणि शिकवा, आणि ज्याचा पास चुकला त्याला चुकला असेच सांगा. आणि तुमच्या ओळखीत एक हात नसलेले कुणी असेल, तर त्यांनाही विचारा, कारण आम्हाला धावणारे खेळाडू सापडतात, गोलरक्षक मात्र फार शोधावे लागतात.