एल्लाच्या अक्कांचं लाइट बिल

श्रीलंकेत कँडीहून एल्लाला पोचायला ट्रेनने जवळजवळ सात तास लागले आणि त्यातला अर्धा वेळ आम्ही दारातच उभे होतो, कारण बाहेर चहाचे मळे असे खाली खाली उतरत जातात की आत सीटवर बसवतच नाही. फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. भारतीयांना तेव्हा श्रीलंकेचा व्हिसा फुकट होता, आपल्या एका रुपयाला तिकडचे पावणेचार रुपये मिळत होते, म्हणून घरून निघताना जो तो म्हणत होता, स्वस्तात मस्त आहे, जाऊन या. मी पण तेच म्हणत होतो. ते स्वस्त कशामुळे झालं हे एल्लाच्या होमस्टेवाल्या अक्कांकडून ऐकलं आणि तेव्हापासून श्रीलंकेबद्दल बोलताना तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

सिंहलीत मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. मी पहिल्याच दिवशी अक्का अशी हाक मारली तर त्या एकदम खूश झाल्या आणि मला पुता म्हणायला लागल्या, म्हणजे मुलगा. मी मालवणकडचा, आमच्या वाडीत पण घरोघरी होमस्टे, नारळ, भात, माशाची आमटी, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात मला परकं वाटलंच नाही. फक्त एक गोष्ट डोळ्यात भरली. गिझरच्या बटणाशेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, 'प्लीज, दहा मिनिटंच'. पाहुण्याला असं सांगावं लागणं किती जड जातं ते मला माहीत आहे, आमची आई उपाशी राहील पण पाहुण्याला असं सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच विषय काढला. अक्का म्हणाल्या, २०१८ मध्ये बँकेचं कर्ज काढून या दोन खोल्या बांधल्या. बरोबरच होतं त्यांचं, त्या वर्षी श्रीलंकेत २३ लाखांवर टुरिस्ट आले होते, एल्लात पाय ठेवायला जागा नव्हती. मग २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली, बुकिंग एका रात्रीत रद्द. जरा सावरतायत तोवर कोरोना. २०२१ च्या अख्ख्या वर्षात पूर्ण देशात दोन लाख पण टुरिस्ट आले नाहीत. खोल्या बंद, हप्ता चालू.

आणि देशाचंही तेच चाललं होतं. श्रीलंकेने वर्षानुवर्षं डॉलरमध्ये कर्ज घेतलं, आणि डॉलरमधलं कर्ज डॉलरनेच फेडावं लागतं, ते छापता येत नाहीत. डॉलर येणार कुठून? चहा, कपड्यांचे कारखाने, आखातात कामाला गेलेली माणसं आणि टुरिस्ट. टुरिस्ट थांबले, बाहेरून येणारा पैसा आटला, त्यात २०१९ च्या शेवटी सरकारने व्हॅट १५ वरून एकदम ८ टक्क्यांवर आणला होता, २०२१ मध्ये रासायनिक खतावर रातोरात बंदी घालून शेती पण बुडवली, आणि १२ एप्रिल २०२२ ला सरकारने सांगून टाकलं की आता परदेशी कर्जाचे हप्ते भरणं जमणार नाही. ५१ अब्ज डॉलरचं कर्ज.

अक्कांनी ते आकडे नाही सांगितले. त्यांनी सांगितलं की गॅस मिळेना म्हणून अंगणात चूल मांडली, दिवसाला तेरा तास लाइट जायची, पेट्रोलला क्यूआर कोड, ठरलेले लिटर मिळाले की संपलं, दुधाची पावडर परवडेना म्हणून चहा बिनदुधाचा, आणि धाकटीची शाळेची परीक्षा पुढे गेली कारण छापायला कागद नव्हता. डॉलरला दोनशे रुपये होते ते साडेतीनशेच्या वर गेले. म्हणजे आम्हाला जे स्वस्त झालं ना, ते नेमकं इथून. त्यांचा रुपया पडला म्हणून आमची खोली, आमचा कोत्तू रोटी, आमची थ्रीव्हील स्वस्त, आणि त्यांचं औषध, गॅस, पेट्रोल सगळं महाग, कारण ते बाहेरून येतं.

मग २०२३ च्या मार्चमध्ये आयएमएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्याच्या अटी असतातच, वीज तोट्यात विकायची नाही, टॅक्स वाढवायचा. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्के आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये परत ६६ टक्के वाढले, गुणून बघा, जवळजवळ तिप्पट होतं. मध्ये थोडे उतरले पण आधीच्या जागी नाही आले. जानेवारी २०२४ पासून व्हॅट १८ टक्के. गिझरची चिठ्ठी ही तिथून आलेली आहे. कर्ज कोणी काढलं आणि बटण बंद करायचं कोणी!

खोलीच्या भाड्यातले पण सगळे पैसे अक्कांना नाही मिळत, आम्ही ज्या अॅपवरून बुक केलं ते आपलं कमिशन कापून घेतं आणि ते देशाबाहेरच राहतं. एल्लाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या तमिळ बायकांना तर त्यातलं काहीच नाही. त्यांचे पूर्वज इंग्रजांनी तमिळनाडूतून आणले, देशाला डॉलर देणारा चहा त्या खुडतात, आणि त्यांची रोजची मजुरी तेव्हा १,००० श्रीलंकन रुपये होती, आपले अडीचशे-पावणेतीनशे. आम्ही सगळे त्यांचे फोटो काढत होतो. मी पण काढले.

एल्लाहून खाली दक्षिणेला उतरलो तेव्हा ड्रायव्हरदादांनी हंबनटोटाचं पोर्ट लांबून दाखवलं. चिनी कर्जातून बांधलं, जहाजं येईनात, २०१७ मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या लीजवर दिलं, १.१२ अब्ज डॉलर आले पण ते परकीय चलनाच्या साठ्यात गेले, पोर्टचं कर्ज होतं तसंच राहिलं. जवळच मत्तला एअरपोर्ट, २०१३ ला सुरू झालं, मध्यंतरी तिथे भात साठवायला जागा दिली होती. आपल्याकडे सगळे चीनवर ढकलून मोकळे होतात, पण श्रीलंकेच्या बाहेरच्या कर्जात सगळ्यात मोठा वाटा चढ्या व्याजाच्या बाँडचा, म्हणजे बाजारात विकलेल्या कर्जरोख्यांचा होता, जे पाश्चात्त्य गुंतवणूकदारांनी घेतले होते. ड्रायव्हरदादा म्हणाले, "रस्ता मस्त आहे साहेब, पण आमच्या गावातलं कोणी यावरून कामाला जात नाही." चार पदरी रस्ता आणि दहा मिनिटात आम्हाला दोन गाड्या दिसल्या.

उनवटुनाच्या किनाऱ्यावर वातावरण तापलेलं होतं. टुरिस्ट व्हिसावर आलेले काही परदेशी लोक तिथेच कॅफे, सर्फिंगचे क्लास, टॅक्सी चालवत होते, आणि त्याच महिन्यात फक्त गोऱ्यांसाठी अशी पार्टी जाहीर झाल्याने लोक भडकले, ती पार्टी रद्द करावी लागली. गोव्यात मोरजीला असल्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. टुरिस्ट आला म्हणजे पैसा गावात आला असं होत नाही, तो कोणाच्या गल्ल्यात पडतो ते बघावं लागतं.

त्या वर्षी श्रीलंकेत परत २० लाखांवर टुरिस्ट आले. जूनमध्ये कर्ज दिलेल्या भारत, जपान वगैरे देशांशी करार झाला, त्यांचे हप्ते २०२८ पर्यंत पुढे गेले. अक्कांच्या बँकेने काही पुढे ढकललं नाही.

निघताना अक्कांनी वहीचा कागद फाडून त्यावर फोन नंबर लिहून दिला, म्हणाल्या, पुता, पुढच्या वेळी अॅप नको, मला सरळ फोन कर. आमच्या इथली तीन कुटुंबं त्यानंतर त्या नंबरवर फोन करून जाऊन आली. शेवटी गेलेल्या वहिनींनी मला फोटो पाठवला, गिझरची चिठ्ठी आहे अजून, फक्त दहाच्या जागी पंधरा मिनिटं केलंय.