रॉक टनेल: सात रिपेल, एक पॅरस आणि पिशवीतला माल

ठाणे-वाशी गाडीत बसून 2004च्या पोकेमॉन फायररेड या गेममधला रॉक टनेल हा बोगदा पार करायचा तर आधी मशीन बघा. 2001च्या मूळ गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. संध्याकाळच्या गर्दीत दारापाशी उभं राहिलात तर ट्यूबलाइट फक्त पडद्यावर चमकते, गुहा दिसत नाही. मी त्याचाच पुढचा एसपी वापरला, त्याला लाइट आहे. तरीही हा बोगदा अंधारा तो अंधाराच: फ्लॅश ही उजेड पाडणारी चाल नसेल तर आपल्याभोवती छोटंसं वर्तुळ दिसतं, बाकी सगळं काळं. तसंही पार होतं, पण वळणं पाठ असतील तरच. पहिल्या खेपेला फ्लॅश घ्याच.

फ्लॅश म्हणजे एचएम 05; एचएम म्हणजे पोकेमॉनला शिकवायची, लढाईबाहेरही वापरता येणारी चाल. प्रोफेसर ओकचा सहायक तो रूट 2वर देतो, पण तोवर पोकेमॉनच्या दहा जाती पकडलेल्या लागतात. त्या जमवायला फारशी धावपळ नाही. सुरुवातीचा पोकेमॉन, पिजी, रॅटाटा, कॅटरपी, वीडल, झुबॅट, जिओडूड, पॅरस हे वाटेतच भेटतात. कॅटरपी सातव्या लेव्हलला मेटापॉड होतो आणि दहाव्याला बटरफ्री, म्हणजे एकाच प्राण्याच्या तीन नोंदी. मी वीडलही तसाच वाढवला आणि आकडा पुरा झाला.

यातला पॅरस मुद्दाम धरायचा. माउंट मूनच्या मधल्या मजल्यावर जंगली म्हणून दुसरं काही भेटतच नाही, सगळे पॅरस. हा कट (झुडपं कापायची चाल) आणि फ्लॅश दोन्ही शिकतो. लढाईत त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणूनच हे काम त्याच्या गळ्यात मारायचं. एचएमची चाल एकदा शिकवली की सहजी विसरवता येत नाही, चांगल्या लढवय्याची एक जागा कायमची अडते. सहापैकी एक हमाल ठेवला तरी परवडतं.

रूट 2चा तो कोपरा गाठायला व्हर्मिलियन शहराजवळून डिग्लेटच्या गुहेत शिरावं लागतं. पलीकडे झुडपं आहेत, म्हणून कट आधी हवा; तो एस.एस. अ‍ॅन जहाजाच्या कॅप्टनकडून मिळतो. ही गुहा सरळसोट, वाट चुकायची भीती नाही. घोळ वेगळाच आहे. काही डिग्लेटना अरेना ट्रॅप असतो, त्यांच्यासमोरून पळताच येत नाही. मी पिजोटोला पुढे ठेवलं. उडणाऱ्याला हा सापळा लागत नाही आणि जमिनीच्या चालीही त्याला लागत नाहीत. एक डिग्लेट मात्र पकडून ठेवा. विजेचे पोकेमॉन लढवणाऱ्या लेफ्टनंट सर्जच्या जिममध्ये, म्हणजे आखाड्यात, विजेच्या चाली त्याच्यावर चालत नाहीत.

आता खरेदी. जंगली पोकेमॉन दूर ठेवणारा रिपेल 350ला, शंभर पावलं. सुपर रिपेल 500ला, दोनशे पावलं. मॅक्स रिपेल 700ला, अडीचशे. पावलाला साडेतीन, अडीच आणि दोन पूर्णांक आठ असा हिशोब पडतो, म्हणजे स्वस्त मधलाच. पण सुपर रिपेल लव्हेंडर गावच्या दुकानात मिळतो, बोगद्याच्या पलीकडे! अलीकडे साधाच घ्यावा लागतो. मी सात घेतले, 2450 झाले. दोन डिग्लेटच्या गुहेत गेले, चार रॉक टनेलमध्ये, एक उरला.

रिपेल लावूनही झुबॅट येतात अशी तक्रार बरेच जण करतात. कारण साधं आहे. रिपेल फक्त रांगेतल्या पहिल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलवाल्यांना अडवतो. फ्लॅशच्या नादात पंधराव्या लेव्हलचा पॅरस पुढे ठेवलात तर रिपेल वाया गेला समजा. पॅरस सहाव्या जागी असला तरी फ्लॅश मारता येतो. पुढे तगडा गडी, माझा वीसच्या वर होता. आणि रिपेल ट्रेनरना अडवत नाही. हायकर उभेच असतात, त्यांचे जिओडूड आणि ऑनिक्स पाण्याने किंवा गवताने एका फटक्यात जातात. आगीचा चारमँडर घेऊन निघालेल्यांनी इथे घाम पुसायची तयारी ठेवावी.

सेरुलियनहून रूट 9चं झुडूप कापून रूट 10च्या पोकेमॉन सेंटरात पोचलो, सगळ्यांना बरं केलं, सेव्ह केलं आणि आत शिरलो. फ्लॅश एकदाच मारायचा, बाहेर पडेपर्यंत टिकतो. शिड्या चारदा: खाली, वर, खाली, वर, मग दक्षिणेचं दार. शिडी चढलो म्हणजे मागे फिरलो असं वाटतं, पण तसं नाही, तोच मजला वेगळ्या तुकड्यात येतो. पिकनिकर मुलींच्या गवती पोकेमॉननी विषाची भुकटी टाकली तर लगेच अँटिडोट द्या. विषबाधा झालेल्याचे एचपी, म्हणजे जीव, चालता चालता कमी होत जातात, आणि बोगद्यात पावलं भरपूर पडतात. रबाळे आलं की एकदा सेव्ह, घणसोलीला पुन्हा. गाडीत धक्का बसून मशीन खाली पडलं तर निदान तेवढं राहतं.

गुहेतून बाहेर काढणाऱ्या एस्केप रोपला 550 घालू नका. सेरुलियनच्या रॉकेट गुंडाकडून टीएम 28 मिळतो, तो शिकवतो डिग ही खणायची चाल. डिग्लेटला शिकवला की गुहेच्या दारापर्यंतची परतीची वाट फुकट.

राहिला सापडलेला माल. तो पिशवीत लोणच्यासारखा मुरवत ठेवायची आपली सवय वाईट. नगेट 5000ला जातो, स्टार पीस 4900ला, मोती 700ला. यांचा दुसरा उपयोग नाही, पहिल्या दुकानात विका. इथर आणि मॅक्स इथर मात्र विकायचे नाहीत, ते दुकानात मिळत नाहीत आणि चालींचे पीपी, म्हणजे उरलेले वापर, संपतात ते नेमके गुहेतच, तेव्हा हेच ते भरून देतात. माउंट मूनचा मून स्टोन मी निडोरिनोला लावला, त्याचा निडोकिंग झाला. निडोकिंगमध्ये जमिनीचा गुण येतो, म्हणजे सर्जच्या जिमला दुसरा भिडूही मिळाला.

मशरूमचा हिशोब मात्र उलटा आहे. पुढे टू आयलंडवरचा म्हातारा विसरलेली चाल परत शिकवायला दोन लहान मशरूम किंवा एक मोठं मागतो. लहान 250ला विकतं, मोठं 2500ला. म्हणून त्याला दोन लहान द्यायची, मोठं दुकानात.