रक्ताळलेली तलवार

थॉमस पर्सी यांच्या १७६५च्या संग्रहात छापलेले 'एडवर्ड' हे स्कॉटिश कथागीत मी काल रात्री पुन्हा वाचले. तलवारीवरून रक्त का ठिबकते आहे, असे आई विचारते, तेव्हा मुलगा आधी ससाणा मारल्याचे सांगतो, मग तांबूस घोडा. पण ससाण्याचे रक्त इतके लाल नसते आणि घोडा तर म्हातारा झाला होता, असे म्हणत ती त्याची प्रत्येक पळवाट बंद करते आणि अखेर बापाच्या खुनाची कबुली त्याच्या तोंडून वदवून घेते. बायकामुलांनी भीक मागावी, असे तो म्हणतो, तेथे अंगावर काटा येतो. मला खरा हादरा मात्र शेवटाने दिला, कारण आईला शाप देताना तो म्हणतो की सल्ला तुझाच होता. म्हणजे सारे ठाऊक असूनही ती विचारत होती! पहिल्या प्रश्नातली माया मला आता ऐकू येत नाही.