गोट्या, व्हिटा आणि रेटून बोललेलं खोटं

2019 मध्ये पुण्यात एका पोराकडून मी जुनी प्लेस्टेशन व्हिटा, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, विकत घेतली आणि संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं, "आई, व्हिटा घेतली." पलीकडून विचारणा झाली, "विटा? कुठं बांधकाम काढलंयस?" त्यात आमचं गावही विटा, तालुका खानापूर, जिल्हा सांगली. त्यामुळे पुढची दहा मिनिटं विटा कुठल्या, विट्यात का, आणि विट्याच्या विटा पुण्यात कशाला नेतोस, यातच गेली. (अशा यंत्रांत खटपट करायच्या छंदात चुकीचं सॉफ्टवेअर टाकून कायमचं मेलेल्या यंत्राला ब्रिकच म्हणतात. तेव्हा आईचं फार चुकलं नव्हतं.)

ही गोष्ट त्या व्हिटाची आहे, पण सुरुवात गोट्यांपासून करावी लागेल.

2013 साली मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. दिवसभर वीजमीटरचं फर्मवेअर लिहायचो आणि रात्री हौस म्हणून अँड्रॉइडसाठी एक गेम. नाव 'गोट्या'. अंगण, मधोमध गल, पाच गोट्या. बोटाने गोटी मागे ओढायची, नेम धरायचा, सोडायची. बस. सगळा सी++ मध्ये लिहिलेला, कारण जावा मला तेव्हाही आवडत नव्हती. प्ले स्टोअरवर टाकायला पंचवीस डॉलर नोंदणी फी होती, ती मी वाचवली. दिवाळीला गावी गेलो तेव्हा ब्लूटूथने चुलतभावांच्या फोनवर टाकला. बाळू तेव्हा बारा वर्षांचा. नेम चुकला की गेममध्ये कुणीतरी ओरडलं पाहिजे, हा त्याचाच आग्रह. म्हणून मग त्याचाच आवाज रेकॉर्ड केला, "हुकलं की रं!", मागे कोंबड्यांच्या कलकलाटासकट.

2015 मध्ये लॅपटॉपची डिस्क गेली आणि गेमचा सोर्स कोड तिच्याबरोबर गेला. बॅकअप नव्हता. पोटापाण्यासाठी फर्मवेअर लिहिणारा माणूस आणि बॅकअप नाही, यावर मला काही बोलायचं नाही.

गेल्या दिवाळीत गावी माळ्यावरचा डबा उपसताना बाळूचा जुना फोन सापडला. फोन फुगलेला, पण आतलं चार जीबीचं कार्ड धडधाकट. त्यात लग्नातले फोटो, दोन रिंगटोन आणि गोट्याची एपीके, म्हणजे फोनवर गेम बसवायची फाइल. मी लगेच माझ्या नव्या फोनवर टाकायला गेलो. फोन म्हणाला, चालणार नाही. अँड्रॉइड 14 पासून फार जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली अ‍ॅप बसवायलाच मनाई आहे. ती अट केबल लावून, कमांड देऊन टाळता येते, ती टाळली. मग खरी अडचण समोर आली: माझा गेम 32-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठीचा, फोन फक्त नव्या 64-बिटचा. दार बंद.

हे माझ्या एकट्याच्या गेमचं झालेलं नाही. आयफोनवर 2017 च्या आयओएस 11 ने 32-बिट अ‍ॅप एका झटक्यात बाहेर काढली. अँड्रॉइडवर हे सावकाश झालं: 2019 च्या ऑगस्टपासून प्ले स्टोअरने 64-बिटची सक्ती केली आणि 2022 च्या पिक्सेल 7 पासून 32-बिट अ‍ॅप न चालवणारे फोनच येऊ लागले. ज्यांच्या मालकांनी गेम पुन्हा बांधून दिले ते वाचले. बाकीचे पैसे देऊन घेतलेले असोत की फुकटचे, रस्त्यावर आले.

आणि इथे मला टेबलाच्या खणातली व्हिटा आठवली.

व्हिटा जपानात 2011 च्या डिसेंबरात आली आणि बाकी जगात 2012 च्या फेब्रुवारीत. पाच इंची ओएलईडी पडदा, अंगठ्याने फिरवायच्या दोन काड्या, खरी बटणं, पुढे टच आणि पाठीलाही टच. देखणं यंत्र. पण तोवर लोकांच्या खिशात फोन आला होता आणि फोनवर गेम एका डॉलरला, नाहीतर फुकट मिळत होते. अँग्री बर्ड्सचंच बघा. फोनवर एक डॉलरचा गेम, त्याचे तीन भाग एका कार्ट्रिजमध्ये घालून निन्टेन्डो 3डीएससाठी 2012 मध्ये तीस डॉलरच्या आसपास विकायला ठेवले. कोण घेणार? हातात धरायच्या कन्सोलचा बाजार फोनने खाल्ला, व्हिटा तर पार खाल्ली. 2019 च्या मार्चमध्ये तिचं उत्पादन थांबलं. मी घेतली ती त्याच वर्षी, म्हणजे दुकान बंद होताना आत शिरलेलं गिऱ्हाईक.

पण तिच्या पोटात काय आहे ते ऐका. चार कोअरचा एआरएम कॉर्टेक्स-ए9, 32-बिट. म्हणजे 2012 च्या गॅलेक्सी एस3 मध्ये होता त्याच घराण्यातला प्रोसेसर. म्हणजेच त्या काळच्या फोनच्या गेममधलं मशीन कोड व्हिटाच्या प्रोसेसरला जसंच्या तसं समजतं. भाषांतर नको, एम्युलेटर (एका यंत्रात दुसऱ्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम) नको. नाही ते फक्त अँड्रॉइड.

या गोष्टीचा पुरेपूर फायदा घेतला अँडी न्गुएन याने, जो व्हिटात खटपट करणाऱ्या मंडळींत 'द फ्लो' म्हणून ओळखला जातो. 2021 च्या सुरुवातीला त्याने जीटीए सॅन अँड्रियास या गेमची अँड्रॉइड आवृत्ती व्हिटावर चालवून दाखवली. मी तो गेम फोनवर विकत घेतलेला होता आणि कंटाळून सोडला होता, कारण फोनवर अंगठ्यांखाली गेममधलं अर्धं शहर, लॉस सँटोस, झाकलं जायचं. गाडी वळवायची म्हणजे काचेवर अंगठा घासायचा आणि वळली का ते मान तिरकी करून बघायचं. व्हिटावर तोच गेम, तीच फाइल, पण डावा अंगठा काडीवर, उजवं बोट ट्रिगरवर आणि पडदा मोकळा. त्या उन्हाळ्यात, घरात कोंडलेलो असताना, मी तो संपवला. मधे कुणाचा कॉल नाही, ग्रुपवरचं सुप्रभात नाही.

द फ्लोची युक्ती मला एवढी आवडली की मी तिचा कोड छापून वाचला. अँड्रॉइडच्या गेमचा मुख्य ऐवज एका डॉट एसओ फाइलमध्ये असतो. लोडर, म्हणजे त्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, ती फाइल उचलून व्हिटाच्या मेमरीत ठेवतो. ती फाइल बाहेरच्या जगाकडे बऱ्याच गोष्टी मागते: मेमरी दे, फाइल उघड, थ्रेड चालू कर, त्रिकोण काढ. प्रत्येक मागणीसमोर लोडर व्हिटाचा पर्याय बांधतो. ज्याला पर्याय नाही तिथे 'झालं हो काम' म्हणून शून्य परत करणारं फंक्शन. थोडक्यात, गेमला अखेरपर्यंत कळू द्यायचं नाही की आपण फोनमध्ये नाही आहोत. खोटं बोल, पण रेटून बोल. गेमचा ऐवज मात्र तुमचा तुम्ही आणायचा. पोर्ट करणारे, म्हणजे गेम दुसऱ्या यंत्रावर आणणारे, फक्त लोडर देतात. पुढे रिन्नेगातामांते नावाने काम करणाऱ्या इटालियन गड्याने आणि इतरांनी याच वाटेने कितीतरी गेम आणले.

यातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फोनचे गेम शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम, बहुधा मजकुराच्या रूपात बाळगतात आणि चालताना कंपाइल करतात, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलतात. व्हिटाचे गेम ते आधीच कंपाइल करून आणतात, म्हणून व्हिटात शेडर कंपायलर नसतोच. मग तो आणायचा कुठून? 2012 मध्ये सोनीने प्लेस्टेशन मोबाइल नावाची योजना काढली होती: सी शार्पमध्ये एकदा गेम लिहा, तो ठरावीक अँड्रॉइड फोनवर आणि व्हिटावर, दोन्हीकडे चालेल. ती चालली नाही, 2015 मध्ये गुंडाळली. पण तिच्या रनटाइममध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक शेडर कंपायलर होता. आज हे पोर्ट चालवायचे तर तोच कंपायलर त्या मेलेल्या योजनेतून काढून व्हिटात ठेवावा लागतो. आमच्या विट्याकडची माणसं गलाईचा धंदा करत भारतभर पसरली आहेत, जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढतात. मला या कामाचं अप्रूप का वाटलं असेल ते गावाकडच्यांना सांगायला नको.

तर मी गोट्यासाठी लोडर लिहायला बसलो. मागण्या मोजल्या, एकशे चाळीसच्या वर भरल्या. बऱ्याचशा तयार सापडल्या. जावाचं, म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ भाषेचं, सोंग मात्र वठवावं लागलं. अँड्रॉइडवर सी++ ला जावाशी बोलायला दोनशेवर फंक्शनांचा एक तक्ता मिळतो, तसाच खोटा तक्ता बनवून गेमच्या हातात द्यायचा. गेम विचारतो, भाषा कोणती? सांगायचं, मराठी. गेम म्हणतो, फोन थरथरव. व्हिटात थरथरायची मोटरच नाही. सांगायचं, थरथरवला.

पहिल्या रात्री काळा पडदा आणि सी2-12828-1. व्हिटा बाळगणाऱ्याला हा आकडा स्वतःच्या पिनकोडसारखा पाठ असतो. अर्थ एवढाच, की प्रोग्रॅम कोसळला. पाचव्या रात्री अंगण दिसलं. गल दिसली. मी गोटी ओढली, नेम धरला, सोडली. गोटी उजवीकडे वरच्या कोपऱ्यात निघून गेली. डावीकडे नेम धरला, गोटी पुन्हा उजव्या कोपऱ्यात. खाली धरला, तरी तिथेच. तीन संध्याकाळी गेल्या.

झालं होतं असं. गेमला कोनाची साइन काढायची असते. जुन्या अँड्रॉइडच्या रिवाजात दशांश आकडे साध्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यात), आर0 मध्ये ठेवून फंक्शनला हाक मारतात. व्हिटाच्या रिवाजात ते एस0 या वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवतात. माझा गेम रोज इमाने-इतबारे पुढच्या ओट्यावर दुधाची पिशवी ठेवत होता आणि व्हिटाचं साइन फंक्शन मागचं दार उघडून तिथे पडलेली कालची पिशवी आत नेत होतं. नेम कुठेही धरा, कोन शिळाच. मग साइन, कोसाइन, वर्गमूळ, सगळ्यांसमोर एकेक मध्यस्थ बसवला: आर0 मधून उचल, एस0 मध्ये ठेव, उत्तर आलं की उलट कर. चार ओळी असेंब्ली. गोटी सरळ गेली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी आनंदाने फ्रिज उघडून उभा होतो, काही हवं नसताना. (पुढच्या आठवड्यात कळलं की जुन्या रिवाजाची वेगळी टूलचेन, म्हणजे प्रोग्रॅम बांधायची हत्यारं, लोकांनी आधीच करून ठेवली आहे. असो.)

गोटी सरळ गेली, पण अंड्यासारखी दिसत होती. मी 2013 मध्ये शहाणपणाने पडदा 800 गुणिले 480 च असणार असं धरून चाललो होतो आणि व्हिटाचा आहे 960 गुणिले 544. ते दोन ओळींत निस्तरलं.

मग नेमाचा विचार केला. आधी काडीवर ठेवला, जमलं नाही. काडीने गाडी चालते, गोटी नाही. पुढच्या टचवर तर फोनचंच दुखणं: ओढणारं बोट नेमकं गोटीवर. शेवटी पाठीमागच्या टचवर टाकला. व्हिटाच्या त्या पाठीचं काय करायचं ते भल्याभल्या गेमना शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. मी यंत्र दोन्ही हातांत धरलं, मधलं बोट मागे नेऊन खाली ओढलं आणि सोडलं. खरी गोटी खेळताना बोट गोटीच्या मागेच असतं, ताण देऊन मागे खेचलेलं, आणि डोळ्यांसमोर फक्त गोटी आणि गल. दहा वर्षांपूर्वी फोनवर मला हेच करायचं होतं आणि काचेला पाठच नव्हती.

राहिला आवाज. अँड्रॉइडवर आवाजासाठी वापरतात ती लायब्ररीही कुणीतरी व्हिटावर आणून ठेवली होती, ती जोडली. रविवारी सकाळी आई पुण्यात आलेली, भाजी निवडत होती. मी मुद्दाम नेम चुकवला.

"हुकलं की रं!"

आईने मान वर केली. "बाळ्या आलाय?" मग कोंबड्या ऐकून म्हणाली, "ह्या तर आपल्या जुन्या घरच्या."

बाळू हल्ली त्रिशूरला असतो, चुलत्यांची गलाईची भट्टी तोच बघतो. मी व्हिडिओ काढून त्याला पाठवला, वर चार परिच्छेद लिहिले: आर0, एस0, खोटा जावा, शेडर कंपायलर, सगळं. तासाभराने निळ्या खुणा आल्या. मग उत्तर.

"माझा आवाज एवढा बारीक होता व्हय?" आणि खाली, "ही विटा केवढ्याला पडली?"