धागा पाणी कसा पितो

नवा सुती धागा पाणी पीत नाही, हे मला पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झाल्यावर कळलं. जन्मभर शिवणकाम केलं, पण कधी लक्षच गेलं नव्हतं. रिळाचा तुकडा ताणून धरला आणि त्यावर शाईचा थेंब सोडला, तर थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला. कापसावर मेण असतं, रिळाच्या दोऱ्यावर वरून आणखी लेप. मग तोच दोरा धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळला, धुऊन वाळवला. आता शाई सर्रकन पुढे निघाली. पहिला सेंटीमीटर दहा सेकंदांत, दुसऱ्याला मात्र जवळजवळ तिप्पट वेळ. सुरुवातीपासून मोजलं तर अंतर दुप्पट, एकूण वेळ चौपट, असा हा हिशेब आहे.

हा उद्योग सुचला तो कापडी सेन्सरांबद्दल, म्हणजे थेंबभर द्रव तपासणाऱ्या कापडाच्या पट्ट्यांबद्दल वाचून. बंगळूरच्या अचिरा लॅब्ज या कंपनीच्या लोकांनी 2011 मध्ये एक शोधनिबंध छापला. रेशमी धागे आधी रसायनात बुडवायचे, मग हातमागावर विणायचे आणि त्या कापडाचे तुकडे कापायचे, की झाली तपासणीची पट्टी! मला यातली गंमत अशी वाटते की कुठला धागा कुठे जाणार हे मागावर आधीच ठरलेलं असतं. थेंबाची वाट विणकरच आखतो, वेगळी नळी लागत नाही. शिवाय वापरून झाल्यावर तपासणीच्या प्लॅस्टिकच्या डबीपेक्षा कापडाचा कचरा कितीतरी कमी. लॅबमधल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या भरता भरता माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून हे आधी डोळ्यांत भरलं.

साखर तपासायची रीत जुनीच. ग्लुकोज ऑक्सिडेझ या एन्झाइममुळे साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, मग पेरॉक्सिडेझ या दुसऱ्या एन्झाइमच्या मदतीने त्यातून आयोडाइडचा रंग तपकिरी होतो. प्रश्न रंग वाचण्याचा आहे. एकच पट्टी ट्यूबलाइटखाली आणि खिडकीपाशी धरून दोन माणसांनी दोन आकडे सांगितलेले मी पाहिलेत. त्यामुळे धाग्यावर कार्बन किंवा चांदीची शाई लावून विजेने मोजायची वाट मला जास्त भरवशाची वाटते.

रंग वाचण्यात आणखी एक खोड. द्रव पुढे सरकतो, टोकाशी वाळतो आणि रंग तिथेच गोळा होतो. माझा शाईचा दोरा वहीत चिकटवलाय. मधे फिका आहे, आणि शेवटच्या दोन मिलिमीटरांत जवळजवळ काळा.