बायोसमध्ये चालणारा कीबोर्ड

नागपूरच्या कळमना बाजाराजवळच्या एका वजनकाट्याचा कॉम्प्युटर जळाला, तेव्हा आंबिया बहाराची संत्री जोरात येत होती. मालकांनी नवा संच घेतला: सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, बोर्डावर १०० मालिकेचा चिपसेट (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी चिप). पण काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालणारं, त्याचं डोंगलही (परवान्याची छोटी किल्ली) यूएसबीचं.

मी विंडोज ७ चं सेटअप सुरू केलं, भाषा निवडायचा पडदा आला आणि माउस थिजला. कीबोर्डही बंद.

"भाऊ, बोर्डच खराब दिला का जी त्यांनी? बाहेर गाड्यांची लाइन लागली आहे."

मालक बोर्ड परत करायला निघालेच होते. मी थांबवलं. तोच कीबोर्ड बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्राममध्ये) व्यवस्थित चालत होता. पोर्ट मेलेले असते तर तिथेही चालला नसता.

सुरुवातीला यूएसबी बायोस सांभाळतं. विंडोजने ताबा घेतला की तिच्याजवळ यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवायचं सॉफ्टवेअर, लागतो. विंडोज ७ ला यूएसबी २.० चा ईएचसीआय हा कंट्रोलर कळतो, सेकंदाला ४८० मेगाबिटवाला. यूएसबी ३.० च्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ पासून दिला. आधीच्या बोर्डांवर दोन्ही कंट्रोलर असायचे, म्हणून अडत नव्हतं. १०० मालिकेत इंटेलने ईएचसीआय काढूनच टाकला. पोर्ट निळा (३.०) असो की काळा (२.०), सगळे एक्सएचसीआयवर.

यूएसबी न लागणारा जुना गोल पिनचा कीबोर्ड लावायला बोर्डावर जागाच नव्हती, आणि असती तरी पुढे डोंगल अडलंच असतं. मग इंटेलचा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर लॅपटॉपवर उतरवला आणि विंडोजच्या डिझम कमांडने सेटअपच्या इमेजमध्येच (ज्या फाइलींतून विंडोज बसते त्यांतच) घातला. इथे घाई करून चालत नाही. बूट इमेजमध्ये घातला की सेटअपपुरता कीबोर्ड चालतो. इन्स्टॉल इमेजमध्ये घालायचा राहिला तर विंडोज बसून पहिल्यांदा उघडते आणि पुन्हा सगळं ठप्प. दोन्हीकडे घातला.

या वेळी भाषेच्या पडद्यावर बाण हलला. विंडोज बसली, डोंगल ओळखलं गेलं, काट्याचं वजन पडद्यावर आलं आणि पहिली गाडी काट्यावर चढली.

निघताना मालकांना नेटची तार काढून ठेवायला सांगितलं. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच संपली आहेत. सॉफ्टवेअरवाल्याकडे नवी आवृत्ती मागा, हेही बजावलं.