तुम्ही विचारलंत म्हणून: नाटक रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर?

मंडईचे (दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे) दिवस आले, शंकरपटाच्या तारखा ठरल्या की वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडून हा प्रश्न हमखास येतो: "गावात नाटक आहे, रेकॉर्ड करायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" विचारणाऱ्याला कुणीतरी एखादं महागडं पॅकेज आधीच सुचवलेलं असतं. ते घेऊ नका. ओबीएस स्टुडिओ घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, वेळेचं बंधन नाही आणि चित्रावर कुणाचा शिक्का उमटत नाही. व्हीमिक्स हे दुसरं सॉफ्टवेअरही उत्तम आहे, पण चार-पाच कॅमेरे आणि रिप्ले लागत असतील तेव्हा. क्रॅक केलेलं काही लॅपटॉपमध्ये टाकू नका. व्हायरस फुकटात येतो.

खरी अडचण पुढे आहे. झाडीपट्टीतलं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक रात्री सुरू होतं ते पार उजाडेपर्यंत. एवढा वेळ न थांबता रेकॉर्डिंग चालवायचं तर काही सेटिंग आधीच बदलून ठेवावी लागतात.

फाईल एमकेव्ही या प्रकारात करा, साध्या एमपी४मध्ये नको. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच जनरेटर बंद पडला आणि लॅपटॉपची बॅटरी संपलेली असली, की फाईल दिसते जीबीभर पण उघडत नाही. एमकेव्ही जिथे तुटली तिथपर्यंत चालते. नंतर ओबीएसच्याच फाईल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे, तिथून तिची एमपी४ होते. दर्जा तोच राहतो, कारण चित्र पुन्हा दाबलं जात नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे. १०८० रिझोल्यूशनला १० एमबीपीएसचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहायचा तो वेग) पुरतो. म्हणजे तासाला साडेचार जीबी, सात तासांच्या नाटकाला साधारण ३२. डिस्कवर ६० जीबी मोकळे ठेवा. थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करण्याचा मोह टाळा. त्याचं फॉरमॅट जुनं फॅट३२ असेल तर एका फाईलला ४ जीबीची मर्यादा आहे आणि तासाभराच्या आत रेकॉर्डिंग अडकतं. अॅडव्हान्स्ड आउटपुटमध्ये फाईल आपोआप तोडायची सोय आहे, ती ६० मिनिटांवर लावा. एन्कोडर (चित्र दाबून फाईल बनवणारा भाग) प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ न ठेवता ग्राफिक्सचा निवडा: इंटेलचा क्विकसिंक, एनव्हिडियाचा एनव्हेंक. स्टॅट्सच्या चौकटीत 'एन्कोडिंग लॅग'चा आकडा वाढू लागला तर लॅपटॉप हाफतोय. मग ७२० वर या, लाजू नका.

सेकंदाला फ्रेम २५, कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ओबीएसमध्ये मुळात ३० फ्रेम असतात, त्या तशाच ठेवून १/६० शटर लावला की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. स्वस्त एलईडी पार दिव्यांना १/५० वरही पट्टे येऊ शकतात. मग दिवे लागलेले असताना शटर थोडा बदलून पाहा. एक्स्पोजर हातानेच ठरवा. मागचा पडदा काळा असला की ऑटो एक्स्पोजर नटांचे चेहरे पांढरेफट्ट करतो.

आता आवाज. चित्र थोडं मऊ आलं तर लोक चालवून घेतात, संवाद कळले नाहीत तर पाच मिनिटांत बंद करतात. साउंडवाल्याकडून मिक्सरचा रेक आउट, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीची जोडणी, मागा. ती वायर लॅपटॉपच्या माईकच्या भोकात मात्र घालू नका. ते माईकच्या बारीक सिग्नलसाठी आहे, मिक्सरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा. आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर शिवत नाही. लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी) घ्या. मिक्सरच्या वायरीबरोबर घुंऽऽ असा आवाज आला तर चार्जर काढून पाहा. घुंऽऽ थांबलं, तर दोष अर्थिंगचा आहे; वायरीच्या मध्ये डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, ते दोन्ही बाजूंची अर्थिंग वेगळी ठेवतात. विंडोज आणि ओबीएस दोन्हीकडे आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झच हवा. मोठ्यात मोठ्या संवादाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण पुढे खलनायक ओरडणार आहे.

मिक्सरचा आवाज पहिल्या ट्रॅकवर, कॅमेऱ्याच्या माईकचा दुसऱ्यावर. मिक्सरमध्ये टाळ्या, शिट्ट्या, हशा जवळजवळ नसतातच, आणि त्यांच्याशिवाय नाटक मेल्यासारखं वाटतं. उलट माईक मंचावर वरून लटकत असतील तर प्रॉम्प्टरचा आवाजही त्यांत येतो. त्याला इलाज साउंडवाल्याच्या हातात, तुमच्या नाही. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड ते जरा उशिरा देतं, म्हणून ओठ आणि शब्द जुळत नाहीत. नाटकाआधी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमधला सिंक ऑफसेट (आवाज किती उशिरा आणायचा तो आकडा) १०० मिलिसेकंदांपासून वाढवत न्या. दुसऱ्या ट्रॅकचा ऑफसेट वेगळा लागेल: कॅमेरा मंचापासून २० मीटरवर असेल तर आवाजालाच तिथवर यायला ५८ मिलिसेकंद लागतात.

लॅपटॉप कॅमेऱ्याशेजारीच ठेवा. साधी एचडीएमआय वायर १० मीटरच्या पुढे भरवशाची नाही. स्लीप बंद, विंडोज अपडेट थांबवलेलं, मध्ये यूपीएस. कॅमेऱ्याला डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, विजेवर चालणारी), आणि एचडीएमआयवर मेनूचे आकडे दिसत नाहीत ना हे आधी बघा. थंडीत धानाच्या बांधीत पहाटे लेन्सवर दव धरतं. ट्रायपॉड उघड्यावर लावू नका, मांडवाखाली घ्या, लेन्सला हुड लावा, सुती फडकं खिशात असू द्या.

नाट्यमंडळाची आणि लेखकाची परवानगी लेखी घ्या, यूट्यूबवर टाकायचं असेल तर तसं त्यात स्पष्ट लिहून. नाटकात सिनेमाची गाणी वाजली असतील तर कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप चालणाऱ्या हक्क-तपासणीचा, दावा येऊ शकतो. तेवढे तुकडे लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने काढता येतात, तेही फुकट आहे. कापण्याआधी मूळ एमकेव्ही दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मंडळाला प्रत द्यायचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आणि तो त्यांच्या टीव्हीला लावून चालतो का, हे देण्याआधीच बघा. जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत, मग फॅट३२वर पाऊण तासाचे तुकडे ४ जीबीच्या आत बसवून द्यावे लागतात.